बासष्ट घरांचा एकच पत्ता

१२ नोव्हेंबर २००९, गुरुवार

कुडाळला कार्यशाळा. पावणेसातच्या गाडीने गेले. निघताना लाईट नव्हतीच, भारनियमन. ह्यांना म्हटलं, ऑफिस सांभाळा, मी संध्याकाळी येते. बसमध्ये आठ जण ओळखीचे आणि आठांचंही एकच, "वैनी, नेट स्लो कित्याक?" नवऱ्याने खांबावर चढून वायर ओढायची आणि बायकोने खाली बसून बोलणी खायची, असा आमचा धंदा वाटून घेतलेला आहे.

पुण्याचे एक तरुण मास्तर. विषय, इंटरनेटचे पत्ते संपत आलेत. प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता लागतो, नाहीतर मागितलेलं कुठे आणून टाकायचं ते कळणार कसं? जुन्या पद्धतीत पत्ते जगभरात मिळून ४२९ कोटी. बांधणाऱ्यांना तेव्हा रग्गड वाटले. आता माणसंच त्याहून जास्त, वर मोबाईल. म्हणून एका पत्त्यामागे शंभर-शंभर जण दडपून बसवतात. आतल्या आत घरगुती नंबर, बाहेर तोंड एकच.

मनात म्हटलं, हा माणूस आमच्या वाडीचंच सांगतोय. बासष्ट घरं, एक लाईन, एक पत्ता. जूनमध्ये दहावीच्या निकालाला सगळ्यांनी एकदम वेबसाईट उघडली तर तिने आमचं दारच लावून घेतलं. म्हणे एकाच पत्त्यावरून फार विचारणा होतेय. एक माणूस बासष्टदा विचारतोय असं वाटलं असणार तिला. पोरं रडली, आया माझ्यावर ओरडल्या.

नवीन पद्धतीत पत्ते किती, तर ३४ आणि पुढे ३७ शून्यं. वहीत लिहून बघितली, ओळ पुरली नाही. मास्तर म्हणाले, पृथ्वीवरच्या वाळूच्या कणांपेक्षा जास्त. मालवणच्या माणसाला वाळूचं कौतुक सांगू नये, पण खरं सांगते, तो आकडा बघून पोटात बरं वाटलं. घराघराला आपला पत्ता. कोणाचं पाप कोणाच्या माथी नाही. विचारलं, मग देत का नाहीत? तर म्हणे जुनं आणि नवं एकमेकांशी थेट बोलत नाही, मध्ये दुभाषी ठेवावा लागतो, सगळ्यांनी बदललं तरच उपयोग, आणि चाललंय तोवर बदलतो कोण? "तुमचं चाललंय ना, ताई?"

चाललंय म्हणे.

घरी साडेसात. ह्यांनी चहा करून ठेवला होता.

२९ नोव्हें., रविवार

तन्वीचं लग्न मोडलं. सदाभाऊंची तन्वी, देवळामागचं घर. पत्रिका छापून आल्या होत्या.

पुण्याला मुलाच्या बापाला कोणीतरी ईमेल पाठवला. मुलीचं दुसरीकडे आहे, फसू नका. खाली नाव नाही, नुसतं 'हितचिंतक'. त्या बापाने सदाभाऊंना फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

दोन वर्षं ती मुलगी आमच्या ऑफिसात येतेय. फॉर्म भरायला, टायपिंगला. ह्यांच्याकडूनच सगळं शिकली. संध्याकाळी सदाभाऊ आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "दिलीप, कोणी धाडल्यान ता ह्या मशीन सांगता काय?"

हे म्हणाले, "सांगता सदाभाऊ. पण पोलिसांका सांगता, आमका नाय. तुमी तक्रार करा."

८ डिसें., मंगळवार

पोलीस आले. दोघे, जीपमधून. "दिलीप कोण?"

ईमेलच्या पोटात पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तो आमचा निघाला. कंपनीने कळवलं, हा पत्ता कायमचा दिलेला आहे, लाईन अमुकच्या नावावर. म्हणजे ह्यांच्या.

मी सांगितलं, साहेब, तो पत्ता आमच्या दाराचा आहे, पण त्या दारामागे बासष्ट घरं आहेत. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, पत्ता एक, नाव एक. बासष्ट कुठून आणता?" मी कार्यशाळेचं सांगायला लागले, चारशे कोटी, नवीन पद्धत, आतले नंबर. माझं मलाच कळत होतं की थापा मारल्यासारखं वाटतंय.

मॉनिटर आणि प्रिंटर नेले. माळ्यावरचा खोका, ज्यातून सगळ्या वाडीचं नेट जातं, तो तसाच राहिला. त्याला स्क्रीन नाही, त्यामुळे त्यांना तो कॉम्प्युटर वाटलाच नसावा. एरवी मी हसून लोळले असते.

ह्यांनाही घेऊन गेले. शर्ट बदलू दिला नाही. सात वाजता सोडलं, उद्या आठला परत या म्हणून.

९ डिसें.

कोणाकडून काय गेलं ते माळ्यावरच्या खोक्यात लिहिलं जातं. बघायला मॉनिटर नाही. मंदाताईंनी आपला दिला. न विचारता, रिक्षात घालून स्वतः घेऊन आल्या. पाणंदीच्या उत्तरेला राहतात, शाळेत शिकवतात, घरी म्हातारी आई, बाकी कोणी नाही. "घे गो. माका रविवारपर्यंत नको."

लावला, आणि कपाळावर हात मारला. खोक्यातला सेल मेलेला आहे. लाईट गेली की त्याचं घड्याळ मरतं, आली की पुन्हा १ जानेवारी २०००, रात्रीचे बारा. आमच्याकडे लाईट दिवसातून एकदा-दोनदा जाते. सगळ्या नोंदी १ जानेवारीच्या! एकाखाली एक शेकडो १ जानेवाऱ्या. त्यातली ईमेलच्या दिवसाची कुठली, देव जाणे. सेल एवढासा, बटणाएवढा. दोन वर्षं बदलायचा म्हणतेय. तारीख कोणाला बघायचीय, नेट चालल्याशी कारण, हे माझंच वाक्य.

हे आज पण सातला आले. जेवले नाहीत. काय विचारतात म्हटलं तर, "तन्वी तुमच्याकडे कित्याक येय, ह्याच परत परत."

मी पुढे काही विचारलं नाही.

११ डिसें., शुक्रवार

आज मी पण गेले बरोबर. सोमवारी अटक दाखवणार असं एक हवालदार हळूच बोलला. त्याच्याच हातापाया पडून ईमेलचा कागद बघितला, वहीत उतरवून घेतला. पत्ता आमचाच. १२ नोव्हेंबर. वेळ ०८:३२.

सकाळी ०८:३२!

पावणेसातला मी निघाले तेव्हा लाईट नव्हती. लाईट नाही तर खोका बंद, खोका बंद तर बासष्ट घरांतून एक अक्षर बाहेर जाणं शक्य नाही. धावत स्टँडवर, तिथून थेट बर्फाच्या कारखान्यात. विठूमामा तिथे सुपरवायझर. लाईट कधी गेली, कधी आली, हे तिथे मिनिटावर लिहितात, नाहीतर बर्फ नरम का निघाला म्हणून ट्रॉलरवाले भांडतात. कारखाना आणि आम्ही एकाच फिडरवर. वही उघडली. १२ तारीख: गेली ६.३०, आली १०.४०. परत गेली ३.०५.

विठूमामांना मिठीच मारायची बाकी होती. मासळीच्या वासाची ती वही मी पदरात धरून आणलीय.

१२ डिसें., शनिवार

सोडलं!!

साहेबांनी वही दोनदा बघितली. "वेळ जुळत नाही खरी. वरून खुलासा मागवतो. तोवर गाव सोडू नका." एवढंच. मॉनिटर परत. प्रिंटर अजून तिकडेच.

मंदाताई घावणे घेऊन आल्या. हे अंगणात बसून सहा घावणे जेवले आणि तिथेच बाकावर झोपले. मी बघत बसले. बासष्ट घरं, एक पत्ता, शिव्या घातल्या होत्या, पण आज म्हटलं असू दे बाबा.

१५ डिसें., मंगळवार

कंपनीला अर्ज लिहायला बसले. एकाच पत्त्यामुळे निरपराध माणूस कसा अडकतो, नवीन पद्धतीचे पत्ते आमच्या वाडीला आधी द्या, वगैरे. दाखला म्हणून ईमेलच्या ओळी उतरवत होते. वेळेच्या पुढे, मी घाईत काढलेलं, बारीक +0000.

बाहेरची वेळ. इंग्लंडची. आपली काढायची तर साडेपाच तास मिळवायचे.

दुपारचे २.०२.

लाईट होती. दुपारी आमच्याकडे कोणी येत नाही. हे एकटे ऑफिसात. मी कुडाळला वाळूचे कण मोजत होते.

पेन खाली ठेवलं. अर्ज फाडला.

१६ डिसें.

सांगितलं नाही. ह्यांना नाही, साहेबांना नाही. मी मुद्दाम केलेलं नाही, मला तेव्हा दिसलं नाही, हे देवाशपथ खरं आहे. पण आता दिसलंय.

बासष्ट घरं आहेत. ह्यांनीच केलं कशावरून? पाठ केल्यासारखं दिवसभर म्हणतेय. बासष्ट घरं आहेत.

ह्यांनी विचारलं, "डोकेदुखी आसा काय?"

२० डिसें., रविवार

सदाभाऊ ऐकेनात. पोलिसांना जमत नाही तर देव सांगेल. देवळात कौल लावला. प्रत्येक घरातला एक जण हजर पाहिजे. आमच्यातर्फे मी गेले, हे नको म्हणाले.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बारा-पाचाच्या देवा महाराजा, ह्या लेकराच्या लग्नात ज्या कोणी इख कालवल्यान, तेचा घर दाखव रे महाराजा!" सगळे, "व्हय महाराजा!" मी पण म्हटलं. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. एकेक प्रश्न. पाणंदीच्या दक्षिणेचं घर? डावीकडची पडली, नाही. उत्तरेचं? उजवी, हो. विहिरीच्या वर? हो. घरात पुरुष माणूस आहे? डावी. नाही.

पाणंदीच्या उत्तरेला, विहिरीच्या वर, पुरुष नसलेलं घर एकच आहे. सगळे मंदाताईंकडे वळले.

त्या उभ्याच होत्या. "माका काय गरज? ता चेडू माझ्या वर्गात होता." कोणीतरी मागून म्हणालं, स्वतःचा झाला नाय मां लगीन. बाईच बोलली ती. मी कोण ते बघितलं, नाव लिहीत नाही.

मी तोंड उघडलं नाही. माझ्यापाशी +0000 होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

२३ डिसें.

मंदाताईंच्या शिकवणीला काल चार पोरं, आज एकही नाही. वरच्या विहिरीवर त्यांची आई घागर घेऊन गेली तर बायका रहाट सोडून बाजूला झाल्या. म्हातारीला ओढवत नाही. अर्धी घागर घेऊन परत गेली.

हे म्हणाले, "वायट झाला." आणि वायरचा बंडल घेऊन गेले.

२५ डिसें., शुक्रवार

आज सकाळी आंघोळ करताना सुचलं. खोक्याचं घड्याळ खोटं असलं तरी नोंदी ओळीने आहेत. लाईट आली की एक नवीन १ जानेवारी सुरू होते. विठूमामांच्या वहीत लाईट किती वेळा आली ते आहे. म्हणजे आजपासून मागे जानेवाऱ्या मोजत जायच्या.

विठूमामांनी वही पुन्हा दिली. "आता आणि कित्याक गो?" हिशेब जुळवायचा आहे म्हटलं. काय खोटं बोलायला लागलेय मी.

हे कट्टा गावात गेलेत जोडणीला. स. अकरापासून मोजतेय. १२ नोव्हेंबरच्या १०.४० पासून आजपर्यंत लाईट एकाहत्तर वेळा आली. मागून एकाहत्तरावी जानेवारी. दोनदा चुकले, परत पहिल्यापासून.

वाटतंय की निघावं कोणीतरी तिसरंच. कोणीही. ज्याचं मला काही वाटत नाही असं एखादं घर.

२६ डिसें.

सापडली. वहीप्रमाणे १०.४० ला आली, ३.०५ ला गेली, म्हणजे चार तास पंचवीस मिनिटं. ही जानेवारीही चार तास चोवीस मिनिटांवर तुटते, एक मिनिट खोक्याला सुरू व्हायला लागतं. अलीकडची-पलीकडचीही जुळते. शंका नाही.

२.०२ म्हणजे लाईट आल्यावर तीन तास बावीस मिनिटं. खोक्याच्या घड्याळात ०३:२२.

आत घराघराला मी नंबर दिलेत, वहीत आहेत. मंदाताई ४१. एकेचाळिसावर त्या दिवशी एकही ओळ नाही. गुरुवार, त्या शाळेत, आई कॉम्प्युटरला हात लावत नाही.

०३:०५ ते ०३:२५ मध्ये ईमेलच्या त्या वेबसाईटवर एकच नंबर आहे.

२.

दोन म्हणजे आमच्या ऑफिसातलं टेबल.

२७ डिसें.

टेबलावर कोणीही बसू शकतं. हे बसतात, मी बसते. तन्वी बसायची. फॉर्म भरायला येणारा कोणीही, हे खांबावर असले की कुलूप नसतंच. घराघराला नवा पत्ता असता, त्या शून्यांतला प्रत्येक पत्ता आला असता, तरी तो ह्याच टेबलापाशी आणून सोडणार होता. टाइप करणारे हात कोणाचे, ते त्या मास्तरांच्या पद्धतीत पण नाही.

पण मंदाताई सुटल्या असत्या. पहिल्याच दिवशी.

उलट बघितलं तर, वेगळे पत्ते असते तर हे आज आत असते. ज्या एका पत्त्याला मी वर्षभर शिव्या घालत होते त्याच्याच आडोशाला आम्ही दोघं जेवतोय, झोपतोय.

मला राग येतोय. कोणाचा ते ठरत नाही.

१ जानेवारी २०१०, शुक्रवार

आज खरी आहे.

४ जाने.

मंदाताई आल्या होत्या. बदलीचा अर्ज करतायत, देवगड तालुक्यात कुठेही. चौदा वर्षं ह्या शाळेत. माझ्याकडे अर्ज टाइप करायला आल्या! त्याच टेबलावर. मी टाइप केला. 'वैयक्तिक कारणास्तव'. त्यांनी 'वैयक्तिक' वर बोट ठेवून विचारलं, "ह्या बरोबर आसा मां?" मी हो म्हटलं. प्रिंटर नाही, प्रिंट मालवणला काढतील.

जाताना म्हणाल्या, "तू तरी बोलतंस माझ्यावांगडा."

तिथेच मरावं असं वाटलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

७ जाने., गुरुवार

तन्वीला भेटले. निमित्त, तिची जुनी फाईल परत द्यायची होती. घराबाहेर पडत नाही ती. सदाभाऊ ओटीवर, म्हणून आत जाऊन बसले. सुकलीय, पण मला वाटलं होतं तेवढी नाही. हे लिहिणं वाईट आहे, पण तसंच वाटलं.

विचारलं, "तुका करूचा होता ता लगीन?"

तिने फाईलची दोरी सोडली, परत बांधली. मग तीच, "वैनी, कोणी टाइप केल्यान ता मशीनीत रवता काय?"

"नाय. खंयच्या टेबलावरून गेला, तेवढाच."

तिचा चेहरा मी बघत होते. हायसं वाटलं की भीती वाटली, नाही सांगता येत. मग म्हणाली, "दिलीपदादांका परत बोलवूचे नाय मां?"

नाव घेतलं ते ह्यांचं. मंदाताईंचं नाव नाही. बाईंनी शिकवलंय हिला चार वर्षं.

वाटेत मनात नको नको ते. तिनेच केलं. नाही, ह्यांनी केलं. दोघांनी मिळून केलं. तिला लग्न नको होतं म्हणून ह्यांनी उपकार केला. की ह्यांनाच नको होतं ते. बारा वर्षांचा संसार आणि मी समुद्राकडे तोंड करून उभी राहून नवऱ्याचा माग काढतेय.

१० जाने., रविवार

मंदाताईंच्या आईला बरं नाही. औषधाला कोणी जात नाही म्हणून मंदाताई स्वतः मालवणला गेल्या, म्हातारी एकटी. मी पेज नेऊन दिली. पाठीमागच्या दाराने. म्हणजे मी पण.

उद्या ह्यांना सांगणार. लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

११ जाने., सोमवार

सांगितलं. दुपारी, लाईट नव्हती तेव्हा. +0000, जानेवाऱ्या, तीन तास बावीस मिनिटं, दोन नंबर. सगळं एका दमात. हे अंगणात बसून वायर सोलत होते. हात थांबला नाही.

मग म्हणाले, "पुसून टाक."

"आणि मंदाताई?"

"थंयसर कोण बसलेला तुका ठावक नाय. कोणाचाय नाव घेतलंस तरी एक घर जातला. मंदाताई बदली घेवन सुटतली. ता चेडू खंय जातला?"

चेडू. म्हणजे तन्वी, तिचं नाव मी घेतलंच नव्हतं.

मी म्हटलं, "तुमचा नाव इला तर?"

तेव्हा वर बघितलं. "तू माका सरळ इचारलंसच नाय. महिनो झालो."

"भय वाटता इचारूक."

"मगे रवांदे," म्हणाले. उठून आत गेले. त्या 'राहू दे'चा अर्थ मी संध्याकाळपर्यंत लावतेय. हो असतं तर सांगितलं असतं? नाही असतं तर ओरडले नसते?

विचारायला पाहिजे होतं. तीन शब्द. तुमीच केलात काय? वर्षानुवर्षं लोकांना सांगतेय की नीट प्रश्न विचारल्याशिवाय मशीन उत्तर देत नाही.

१२ जाने., मंगळवार

चुलीपाशी आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. "पुसू नको. उद्या जावया साहेबांकडे. मी येतंय वांगडा."

चहा उतू गेला.

"तेंच्यासमोरच काय ता होवांदे. तू एकट्यान जावन माझा नाव सांगशीत आणि मी घरात बसान, ह्या माका जमाचा नाय."

सरळ माणूस असंच बोलतो. वाकडा पण असंच बोलेल. कधी नव्हे ते ह्यांचा हात धरला. थंड होता.

खोक्यातली डिस्क काढली. वाडीचं नेट बंद, दुपारपासून फोनवर फोन. लाईन खराब म्हणून सांगितलं. प्रिंटर नाही, कागदावर काढता आलं नाही. पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं होतं, टेबलावर समोर पडलेला होता. घेतलं नाही. का नाही घेतलं ते माझं मला माहीत आहे. एवढा तरी विश्वास टाकावा असं वाटलं. की पुरावा एकच असावा, हरवला तर हरवला, असं. दोन्ही खरं आहे.

मंदाताईंना सांगून आले, उद्या ओरोसला साहेबांकडे जातोय, तुमच्यावरचा आळ निघेल. त्यांची आई आतून म्हणाली, "कोण इला गो?" त्या म्हणाल्या, "आपला माणूस."

१३ जाने., बुधवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. साडेआठची गाडी. हे खिडकीपाशी. डिस्क रुमालात गुंडाळून कापडी पिशवीत. मी धरली होती, चौके गावाच्या पुढे ह्यांनी मागून घेतली. "दी हयसर. तुका लिवचा आसा मां."

पिशवी ह्यांच्याच मांडीवर. दोन्ही हात वर.

एकदा म्हणाले, "तो पुण्याचो मास्तर काय म्हणा होतो? नवे पत्ते कधी येतले?" म्हटलं, येतील, पाच वर्षं, दहा वर्षं, सगळ्यांनी बदलायला पाहिजे. "म्हणजे तवसर असाच." हो म्हटलं, असंच.

आता विचारते. कट्टा आला की विचारते. साहेबांच्या समोर नको, त्याआधी मला कळलं पाहिजे. मला. वाडीला नंतर.

कट्टा. गाडी थांबलीय, दहा मिनिटं. मी तोंड उघडलं आणि हे उठले. "पाणी घेवन येतंय. घसो सुकलो."

पिशवी घेऊन गेले. ठेवून जा म्हणायला मी उठले नाही.

स्टँडच्या मागच्या टपरीकडे वळले तोवर शर्ट दिसत होता. आता माणसं आड आलीत. मालवणकडे परत जाणारी एक गाडी समोर लागलीय. इंजिन चालू आहे.

सात मिनिटं.

आठ. आमचा ड्रायव्हर चढला.

आमचा कंडक्टर दारातून विचारतोय, "ओ वैनी, तुमचो माणूस खंय रवलो? गाडी सोडतंय."

मी म्हटलं, येतत, जरा थांबा. परत विचारलं त्याने. परत तेच म्हटलं, येतत.